जॅको पॅस्टोरियस ऐकायला सुरुवात कशी करावी: नव्या श्रोत्यांसाठी

जॅको पॅस्टोरियस हा अमेरिकी बासवादक मला आधी लोकांच्या मतांतून भेटला, संगीतातून फार उशिरा. इलेक्ट्रिक बासला, म्हणजे खर्जाचे स्वर वाजवणाऱ्या जाड तारांच्या गिटारला, त्याच्याइतकं उंच कोणी नेलं नाही, असं एक जण छातीठोकपणे सांगे. दुसरा म्हणे, पहिल्या अल्बमनंतर त्याचं ऐकण्यासारखं काही नाही. तिसऱ्याच्या मते त्याचं खरं काम दुसऱ्यांच्या रेकॉर्डवर आहे. चौथ्याने शेवटच्या वर्षांतली थेट रेकॉर्डिंग तेवढी ऐकलेली, आणि त्यावरून बेशिस्त वादक असा शिक्का मारलेला. मी ही मतं गोळा करत राहिलो आणि ऐकायला घेतलं ते नेमकं चुकीच्या टोकाकडून. नाव बघून जो अल्बम उचलला तो त्याचा स्वतःचा नव्हता. ऐकला तो फोनच्या स्पीकरवर. त्यात बास कुठे वाजतोय हेसुद्धा कळेना. हे संगीत आपल्यासाठी नाही, असं मी जवळजवळ वर्षभर धरून चाललो होतो.

ते वर्ष तुमचं वाया जाऊ नये म्हणून हे लिहितो आहे. वाद्य वाजवता येण्याची गरज नाही, जॅझची आधीची ओळखही नको.

सुरुवातीला एवढं ठाऊक असू द्या. जॅकोचा जन्म १ डिसेंबर १९५१ रोजी अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियातल्या नॉरिसटाउनचा. वाढला फ्लोरिडातल्या फोर्ट लॉडरडेलमध्ये. पहिलं वाद्य ड्रम. मनगटाला दुखापत झाल्यावर तो बासकडे वळला, आणि ड्रमवाल्याची ती लय पुढे त्याच्या बोटांत कायम राहिली. पहिला अल्बम १९७६ मध्ये आला. २१ सप्टेंबर १९८७ रोजी तो गेला, तेव्हा त्याचं वय ३५ होतं. ज्या रेकॉर्डिंगवर त्याचं नाव उभं आहे ती जवळपास सगळी १९७५ ते १९८२ या काळातली आहेत. हा काळ ध्यानात ठेवा, कारण चाहत्यांचं जवळजवळ प्रत्येक मत त्यातल्या कुठल्या तरी एका कोपऱ्यातून येतं, आणि तो कोपरा कोणता हे सांगायचं मात्र ते विसरतात.

काय काय लागेल

- कान पूर्ण झाकणारे हेडफोन, किंवा खर्ज नीट वाजवणारे स्पीकर. यात तडजोड करू नका.
- प्रत्येक अल्बमची श्रेयनामावली: कोणत्या रचनेत कोण वाजवतंय, रेकॉर्डिंग कधी झालं, अल्बम कधी आला.
- एक वही. रचनेचं नाव, वर्ष आणि ऐकताना काय जाणवलं याच्या एक-दोन ओळी.
- रोज अर्धा तास, सलग. दुसरं काम करता करता बास ऐकू येत नाही, निदान पहिल्या महिन्यात तरी नाही.

१. आधी बास ऐकू येतोय का ते बघा

चार तारांच्या बासची सर्वांत जाड तार मोकळी छेडली की ती सेकंदाला साधारण ४१ वेळा कंप पावते. फोनचा इवलासा स्पीकर इतका खालचा स्वर वाजवूच शकत नाही. तुम्हाला ऐकू येतात ते त्या स्वराचे वरचे पडसाद, मूळ स्वर गायब असतो. जॅकोचं वादन फोनवर ऐकून कोरडं वाटलं, असं कोणी म्हणालं तर नवल नाही, कारण त्याने अर्धंच वादन ऐकलेलं असतं.

हेडफोन लावून पहिली रचना ऐका ती 'अ रिमार्क यू मेड'. जॅको ज्यात बास वाजवायचा त्या 'वेदर रिपोर्ट' या गटाच्या ही रचना १९७७ च्या 'हेवी वेदर' अल्बमवर आहे. चाल संथ आहे आणि वेन शॉर्टरचा सॅक्सोफोन व जॅकोचा बास एकमेकांशी बोलल्यासारखे वाजतात. पहिल्या खेपेला फक्त सॅक्सोफोन ऐका. दुसऱ्या खेपेला सॅक्सोफोनकडे दुर्लक्ष करून खालचा आवाज धरा आणि तो गुणगुणायचा प्रयत्न करा. बासची ओळ गुणगुणता आली की ती पुन्हा हरवत नाही. मला यासाठी तीन संध्याकाळी लागल्या. तुम्हाला कमी लागतील, जास्तही लागतील. पण ही पायरी ओलांडल्याशिवाय पुढे जाऊ नका.

इथला सापळा 'बर्डलँड'. याच अल्बमची ही पहिली आणि सर्वांत गाजलेली रचना, त्यामुळे बहुतेक जण सुरुवात तिथूनच करतात. रचना सुरू होताना जो खालचा ठसकेबाज आवाज येतो, तो जॅकोचा बास समजून नवे श्रोते त्याला दाद देतात. तो आवाज गटातला कीबोर्डवादक जो झाविनुल याच्या सिंथेसायझरचा आहे. जॅको त्यानंतर येतो, तोही फार वरच्या पट्टीत, हार्मोनिक्समधून (तार न दाबता बोट नुसतं टेकवून काढलेल्या उंच स्वरांतून) धून वाजवत. ती धून अनेकांना गिटारची वाटते. या गटात गिटार वाजवणारा कोणी नव्हताच. हे एकदा कळलं की 'बर्डलँड' नव्याने ऐकावंसं वाटतं, म्हणून मी ती जाणूनबुजून दुसऱ्या क्रमांकावर ठेवली आहे.

२. फ्रेट नसण्याचा अर्थ समजून घ्या

जॅकोबद्दल बोलताना 'फ्रेटलेस' हा शब्द इतक्या वेळा येतो की त्याचा अर्थ कोणी विचारतच नाही. साध्या बास गिटारच्या मानेवर धातूच्या आडव्या पट्ट्या असतात, त्या म्हणजे फ्रेट. दोन पट्ट्यांच्या मधल्या जागेत बोट थोडं इकडे-तिकडे सरकलं तरी स्वर ठरलेल्या जागीच लागतो. पट्ट्या काढून टाकल्या की तो आधार जातो. स्वर नेमका लावण्याची सगळी जबाबदारी कानावर आणि बोटावर येते. त्या बदल्यात दोन गोष्टी मिळतात: एका स्वरावरून दुसऱ्यावर मींड घेत जाता येतं, आणि लांब धरलेला स्वर गळ्यातून आल्यासारखा हलवता येतो.

जॅकोचं मुख्य वाद्य म्हणजे फ्रेट काढलेला १९६२ सालचा, फेंडर कंपनीचा 'जॅझ बास'. पट्ट्यांच्या खाचा बुजवून त्याने मानेवर होडीच्या कामात वापरतात तसल्या इपॉक्सीचा थर चढवला होता. कारण व्यवहारी होतं. तो खरखरीत, गोल गुंडाळीच्या तारा वापरायचा आणि त्या उघडं लाकूड खरवडून काढतात. कडक थरामुळे लाकूड वाचलं, शिवाय आवाजाला चकाकी आली आणि आस लांबली, म्हणजे स्वर जास्त वेळ टिकू लागला. त्यात तो पुलाजवळच्या (तारा जिथे टेकतात त्या टोकाजवळच्या) पिकअपवर, म्हणजे तारांची कंपनं टिपणाऱ्या भागावर, भर देई आणि उजव्या हाताची बोटंही तिथेच चालवी. त्यामुळे आवाज थोडा नाकातला, घट्ट, प्रत्येक अक्षर स्पष्ट उच्चारल्यासारखा येतो. चाहते त्याचा स्वर दोन सेकंदांत ओळखतात तो या सगळ्याच्या बेरजेमुळे.

आता एक दावा तुमच्या कानावर येईलच: फ्रेटलेस बासचा शोध जॅकोने लावला. हे खरं नाही. अँपेग कंपनीने १९६६ मध्ये फ्रेटलेस बास बाजारात आणला होता, फेंडरचाही १९७० मध्ये आला. 'वेदर रिपोर्ट'मध्ये जॅकोच्या आधी असलेला अल्फॉन्सो जॉन्सनसुद्धा फ्रेटलेस वाजवायचा. जॅकोने केलं ते वेगळं आणि माझ्या मते जास्त मोठं: या वाद्याला मुख्य गायकाची जागा दिली. कौतुकाच्या भरात चुकीचं श्रेय दिलं की खरं श्रेय झाकलं जातं.

३. पहिला अल्बम चार रचनांतून ऐका

१९७६ चा 'जॅको पॅस्टोरियस' हा अल्बम एपिक कंपनीने काढला, निर्मिती बॉबी कोलंबीची. सगळा अल्बम एका बैठकीत ऐकू नका. त्यात इतक्या वेगवेगळ्या तऱ्हा आहेत की नव्या कानाला धागा सापडत नाही. या क्रमाने घ्या.

'डोना ली': ही मूळ १९४७ साली सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करने रेकॉर्ड केलेली धून. श्रेय पार्करच्या नावावर असलं तरी ती आपली असल्याचं ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसने सांगितलं आहे. आधी पार्करचं मूळ रेकॉर्डिंग दोन-तीनदा ऐका, धून वळणांसकट डोक्यात बसू द्या. मग जॅको. सोबतीला फक्त डॉन आलियासचे काँगा (हाताने वाजवायचे उंच ढोल), पियानो नाही, ड्रम नाहीत. वेगवान सॅक्सोफोनसाठी रचलेली धून एक जण बासवर वाजवतो आहे, आणि सोबत स्वर धरणारं कोणीही नसताना रचनेखालची स्वरसंगती तुम्हाला ऐकू येते. मूळ धून न ऐकता हे ऐकलं तर नुसती चपळाई वाटते, आणि तिथूनच बोटांची कसरत हा आरोप जन्माला येतो. तो आरोप करणाऱ्या किती जणांनी पार्कर आधी ऐकलेला असतो, असा मला नेहमी प्रश्न पडतो.

'कंटिन्युअम': इथे वेग नाही. मींड, लांबवलेले स्वर आणि त्यांचं हलणं ऐका. दुसऱ्या पायरीत वाचलेलं सगळं इथे कानांनी तपासता येतं.

'पोर्ट्रेट ऑफ ट्रेसी': जेमतेम अडीच मिनिटांची रचना, बास एकटा, पत्नी ट्रेसीच्या नावाने केलेली. तार पूर्ण न दाबता ठरावीक जागी बोट नुसतं टेकवलं, अर्ध्यावर, तिसऱ्या हिश्शावर, चौथ्या हिश्शावर, की घंटेसारखा उंच स्वर निघतो. हे हार्मोनिक्स. तंतुवाद्यं वाजवणाऱ्यांना ते जुनेच माहीत होते. जॅकोने त्यांच्यावर अख्खी रचना उभी केली, खाली जाड स्वर आणि वर घंटा, एकाच वेळी, एकाच हातात. पहिल्यांदा ऐकताना दोन वाद्यं वाजत आहेत असं वाटेल. दुसऱ्यांदा डोळे मिटून ऐका आणि खालचा स्वर कुठे संपतो तेवढंच बघा.

'कम ऑन, कम ओव्हर': गायक सॅम आणि डेव्ह. जॅकोची ठेका देण्याची ताकद इथे कळते. अर्धे स्वर वाजतात, अर्धे नुसते दाबलेले ठोके असतात, जे ऐकू येण्यापेक्षा जाणवतात. ड्रमवर सुरुवात केलेला माणूस बास वाजवतो आहे हे इथे लपत नाही.

बाकीच्या रचना सवडीने. 'ओपस पोकस'मधले स्टील पॅन (पोलादी पिंपापासून बनवलेलं सुरांचं वाद्य) मात्र लक्षात ठेवा, ते वाद्य जॅकोच्या संगीतात पुढेही येत राहतं.

४. आता तो दुसऱ्यांसाठी काय करतो ते ऐका

माझ्यासाठी सगळ्यात जास्त उलगडलं ते इथे. जॅको फक्त आपल्या नावाच्या रेकॉर्डवर ऐकणारा श्रोता त्याची अर्धीच बाजू बघतो.

गायिका जोनी मिचेलचा १९७६ चा 'हेजिरा' घ्या. नऊ गाण्यांपैकी चारांत जॅको आहे: 'कायोटी', 'हेजिरा', 'ब्लॅक क्रो' आणि 'रेफ्यूज ऑफ द रोड्स'. बाकीच्या गाण्यांत बास असेल तिथे दुसरे वादक आहेत, आणि 'अमिलिया'त बासच नाही. एकाच गायिकेच्या, एकाच अल्बममध्ये बासचे तीन पर्याय मिळतात: जॅको, दुसरा कोणी आणि कोणीच नाही. नव्या श्रोत्याला याहून चांगली शाळा मला माहीत नाही.

'अमिलिया' आणि 'हेजिरा' ही दोन गाणी एकामागून एक ऐका. पहिल्यात गायिकेच्या आवाजाखाली मोकळं आकाश आहे. दुसऱ्यात त्या मोकळ्या जागेत बास येतो, पण जमीन बनून राहत नाही. ओळ संपली की तो वर उठतो, दोन स्वर म्हणतो आणि पुन्हा खाली जातो. कविता वाचणाऱ्याला साथ देणारा कोणी मधूनमधून फक्त 'हं' म्हणावा, तसं. 'रेफ्यूज ऑफ द रोड्स'मध्ये तो कुठे कुठे थांबतो, वाजवतच नाही, त्या जागा वहीत मांडा. जॅकोला गप्प राहता येत नाही या मताला माझं उत्तर म्हणजे हे गाणं.

गिटारवादक पॅट मेथिनीचा 'ब्राइट साइज लाइफ' डिसेंबर १९७५ मध्ये रेकॉर्ड झाला. गिटार, बास आणि बॉब मोझेसचे ड्रम, तिघेच. तिघांत लपायला जागा नसते, त्यामुळे बास इथे सर्वांत उघडा ऐकू येतो. जॅकोच्या आपल्या अल्बमपेक्षा नव्या माणसाने आधी हाच ऐकावा असं म्हणणारे बरेच आहेत. त्यांचं म्हणणं मला पटतं. 'डोना ली' आधी देण्याचं कारण एवढंच की आधी धक्का बसला तर माणूस पुढचं शांतपणे ऐकायला थांबतो.

आणि 'वेदर रिपोर्ट'. १९७६ चा 'ब्लॅक मार्केट' हा अल्बम चाहत्यांच्या एका जुन्या वादाची प्रयोगशाळाच आहे. जॅको आल्याने गट बहरला असं एक मत, गटाचं सामूहिक वादन कमी होऊन दिखाऊपणा वाढला असं दुसरं. या अल्बमवर बहुतेक रचनांत अल्फॉन्सो जॉन्सन आहे, आणि 'कॅनन बॉल' व 'बार्बरी कोस्ट' या दोनांत जॅको. 'बार्बरी कोस्ट' त्याचीच रचना. 'कॅनन बॉल' झाविनुलने १९७५ मध्ये वारलेल्या सॅक्सोफोनवादक कॅननबॉल अॅडर्लीच्या आठवणीत केलेली. शीर्षकरचना आणि 'कॅनन बॉल' लागोपाठ ऐका. दोन्ही वादक उत्तम आहेत, हे आधी मान्य करावं लागेल. जॉन्सन गटाच्या आत वाजवतो. जॅकोचा स्वर थोडा पुढे येऊन उभा राहतो. तुम्हाला यातलं काय आवडतं, हा ज्याच्या त्याच्या आवडीचा भाग. पण वाद नेमका कशावर आहे हे दहा मिनिटांत कळतं, जे पानंच्या पानं मतं वाचून मला कळलं नव्हतं.

त्यानंतर 'हेवी वेदर'वरची 'टीन टाउन' आणि 'हव्होना'. 'टीन टाउन'मध्ये ड्रमसुद्धा जॅकोचेच आहेत.

५. एकच रचना दोन रूपांत ऐका

'थ्री व्ह्यूज ऑफ अ सीक्रेट' ही जॅकोची रचना दोनदा रेकॉर्ड झाली: १९८० मध्ये 'वेदर रिपोर्ट'च्या 'नाइट पॅसेज'वर आणि १९८१ मध्ये त्याच्या स्वतःच्या 'वर्ड ऑफ माउथ'वर. दुसऱ्या रूपात मोठा वाद्यवृंद आहे आणि धून टूट्स थीलमन्सच्या हार्मोनिकावर येते.

इथे वादक जॅको मागे सरतो आणि रचनाकार जॅको पुढे येतो. बास ऐकायला बसलेल्या चाहत्यांपैकी काही जण या अल्बमवर नाराज असतात, बास कमी आहे म्हणून. आधीच्या पायऱ्यांमुळे तुमचा कान सतत बास शोधत असेल. आता तो मोकळा सोडा. चाल तीन ठोक्यांची आहे, वाल्ट्झसारखी, आणि धून प्रत्येक फेरीत थोड्या वेगळ्या उजेडात दिसते. 'वर्ड ऑफ माउथ'ची पहिली रचना 'क्रायसिस' मात्र नंतरसाठी ठेवा. तिथे सगळी वाद्यं एकाच वेळी तुटून पडतात आणि नवा श्रोता तिथूनच परत फिरतो. आधी 'थ्री व्ह्यूज', मग 'लिबर्टी सिटी', मग बाखच्या रचनेवरून केलेली 'क्रोमॅटिक फँटसी', शेवटी 'क्रायसिस'.

६. मत वाचताना तीन गोष्टी विचारा

आता तुमच्याकडे तपासायला कान आहेत. जॅकोबद्दल कोणतंही मत समोर आलं की मी तीन प्रश्न विचारतो. कोणत्या रेकॉर्डिंगवरून बोलताय? ते कोणत्या वर्षाचं? आणि तुम्ही स्वतः बास वाजवता का?

तिसरा प्रश्न आगाऊ वाटेल, पण उपयोगाचा आहे. बास वाजवणारे जॅकोकडे शिष्याच्या नजरेने बघतात. बोट कुठे ठेवलं, तार कशी सोडली, कोणता स्वर किती वर चढवला, यावर ते तासन्‌तास बोलतात, आणि त्यांच्याकडून मी खूप शिकलो. पण अवघड ते थोर, असं गणित त्यांच्या बोलण्यात नकळत शिरतं. न वाजवणाऱ्यांना अवघडपणा दिसत नाही, म्हणून ते धून आणि भाव बघतात. 'हेजिरा'बद्दल सर्वांत सुंदर मी जे ऐकलं ते बास कधी हातात न धरलेल्या लोकांकडून.

वारंवार भेटणारी मतं आणि ती कशावर तपासायची ते सांगतो.

जास्तीचं वाजवतो: १९८२ च्या जपान दौऱ्यावर आधारलेल्या 'इन्व्हिटेशन'वर कुठे कुठे हे मलाही वाटतं. 'अ रिमार्क यू मेड'वर अजिबात नाही.

स्वर कधी कधी जागेवरून हलतो: फ्रेटलेसवर घाईच्या जागी हे होतं. थेट कार्यक्रमांत कान देऊन ऐकलं तर सापडेल. स्टुडिओतल्या कामात त्याची स्वरस्थानं इतकी नेमकी आहेत की मला त्याचंच आश्चर्य वाटतं.

उभ्या बासला तोड नाही: हा वाद वाद्यांचा आहे, माणसांचा नाही. उभ्या बासची, म्हणजे उभं धरून वाजवायच्या मोठ्या लाकडी बासची, आस छोटी, लाकडी आणि उबदार असते. जॅकोने इलेक्ट्रिक बासवर त्याची नक्कल केली नाही, दुसरीच भाषा घडवली. दोन्ही ऐका.

अमका मोठा की जॅको मोठा: यात वेळ घालवू नका. चाहत्यांचा कौलच हवा असेल तर 'डाउनबीट' या जॅझच्या मासिकाच्या वाचकांनी १९८८ मध्ये त्याला हॉल ऑफ फेममध्ये निवडलं, एवढं पुरे.

७. अल्बम निवडताना होणाऱ्या चुका

माझी पहिली चूक इथलीच, म्हणून जरा तपशिलात सांगतो.

नुसत्या 'जॅको' नावाचा एक अल्बम आहे. तो १९७४ मध्ये रेकॉर्ड झाला, पियानोवादक पॉल ब्ले, गिटारवर पॅट मेथिनी, ड्रमवर ब्रूस डिटमस. मोकळं, प्रयोगशील, खडबडीत ध्वनिमुद्रण. वाईट नाही, पण 'जॅको पॅस्टोरियस' या १९७६ च्या अल्बमशी त्याचा काही संबंध नाही. मी तो पहिला अल्बम समजून ऐकला आणि लोक कशाची एवढी स्तुती करतात ते कळेना. अल्बम निवडताना पूर्ण नाव आणि रेकॉर्डिंगचं वर्ष दोन्ही बघा.

'इन्व्हिटेशन' आणि जपानमध्ये निघालेले 'ट्विन्स'चे दोन भाग एकाच दौऱ्यातले आहेत. पहिला हा दुसऱ्यांतून निवडलेला संक्षेप. तिन्ही वेगळे समजून गोळा करायची गरज नाही.

'हॉलिडे फॉर पॅन्स' त्याच्या मृत्यूनंतर, १९९३ मध्ये बाहेर आला. स्टील पॅन केंद्रस्थानी, बास मागे. सर्वांत शेवटी ऐका, आणि तो त्याच्या हयातीत त्याच्या हातून पूर्ण होऊन आलेला नाही हे लक्षात ठेवून मत बनवा.

थेट कार्यक्रम ऐकायचा असेल तर दोन नावं पुरतात. 'द बर्थडे कॉन्सर्ट' हा १ डिसेंबर १९८१ चा, त्याच्या तिसाव्या वाढदिवसाचा, फोर्ट लॉडरडेलमधला, १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेला. दुसरं 'ट्रूथ, लिबर्टी अँड सोल', न्यूयॉर्कमधलं १९८२ चं, जे २०१७ मध्ये आलं. दोन्हीत मोठा बँड आहे, ध्वनिमुद्रण स्वच्छ आहे. बाकी अनधिकृत ध्वनिफिती अगणित आहेत. त्यांच्यावरून पहिलं मत बनवू नका.

८. शेवटच्या वर्षांकडे सावकाश जा

१९८२ मध्ये जॅकोला बायपोलर आजाराचं निदान झालं. पुढची वर्षं फार कठीण गेली. घर उरलं नाही, वाद्य हातचं गेलं, आणि सप्टेंबर १९८७ मध्ये फ्लोरिडातल्या एका क्लबबाहेर झालेल्या मारहाणीत तो जबर जखमी झाला. त्यातून तो उठला नाही.

चाहत्यांच्या बोलण्यात इथे दोन टोकं भेटतील. काही जण या काळातल्या प्रत्येक चुकलेल्या स्वरात वेडी प्रतिभा शोधतात. काही जण त्याच स्वरांवरून सगळं आयुष्य निकालात काढतात. दोन्ही ऐकताना मला त्रास होतो. आजारी माणसाचं वादन आजारी माणसाचं म्हणून ऐकावं, त्यात रंग भरू नयेत. आणि त्या वर्षांत चांगलं काही झालंच नाही असंही नाही. गिटारवादक बिरेली लाग्रेनबरोबरचं १९८६ चं 'स्टुटगार्ट आरिया' ऐका. १९८५ मध्ये आलेला 'मॉडर्न इलेक्ट्रिक बास' हा शिकवण्याचा व्हिडिओही बघा. त्यात त्याला प्रश्न विचारतो जेरी जेमट, ज्याचा बास ऐकत जॅको वाढला. एक क्षण येतो जेव्हा जेमट त्याच्या कामाची थोरवी सांगतो आणि जॅको काय करावं न कळून बसून राहतो. तो चेहरा मी विसरलेलो नाही. बास शिकायचा असो वा नसो, हा व्हिडिओ आठव्या पायरीवरच बघा, पहिल्या नाही.

९. महिन्याभराने पुन्हा पहिल्या पानावर

वहीतली पहिली नोंद काढा आणि तीच रचना पुन्हा ऐका. माझ्या वहीत 'पोर्ट्रेट ऑफ ट्रेसी'पुढे पहिल्या दिवशी 'घंटा, छान' एवढंच लिहिलं होतं. दुसऱ्या नोंदीत खालचे स्वर किती वेळ टिकतात ते होतं. तिसऱ्यांदा ऐकताना तारेवरून बोट सरकल्याचा बारीक आवाज ऐकू आला, त्या घंटांच्या मधोमध, आणि मी तो अर्धा सेकंद पुन्हा पुन्हा मागे नेऊन ऐकत बसलो.

'थ्री व्ह्यूज'च्या दोन रूपांतलं कोणतं सरस, यावर माझं मत आतापर्यंत दोनदा बदललं आहे. सध्या पारडं हार्मोनिकाच्या बाजूला झुकलं आहे. तुमचं कोणत्या बाजूला जातं ते वहीत लिहा, तारीख घालून.